गाडीने उडवल्यावरचा क्लेम आणि तालुका कोर्टातला फुकटचा वकील : दहापैकी सात

कापूस वेचून अंधारात फाट्यावरून गावाकडे पायी येणाऱ्या माणसाला गाडी उडवते, आणि तेरवी व्हायच्या आत घरी कुणीतरी येऊन बसतं. "क्लेम मी टाकतो, तुम्ही फक्त सह्या करा, मिळेल त्यातले माझे टक्के." निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला मनाई आहे. तरी हा टक्केवारीचा धंदा चालतो, कारण तेच काम सरकारी खर्चाने होतं हे फार थोड्यांना माहीत असतं. तालुका कोर्टाच्या आवारात फुकट वकील देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा प्राधिकरणाचं. या सेवेचं हे परीक्षण फक्त मोटार अपघात दाव्यापुरतं. दहापैकी सात गुण देतो. तीन कशाला कापले तेही सांगतो.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाई, लहान मूल, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातीचा माणूस यांना उत्पन्न विचारलंच जात नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. म्हणून घरचा पुरुष गेला असेल तर अर्ज बायकोने करावा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलचे खेटे वाचतात. वकील, कोर्ट फी, टायपिंग, नकला, नोटिसा यांचा खर्च प्राधिकरण करतं. पॅनेलच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीवरच्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. मागितलेच तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे.

पहिला गुण कापला तो अंतराचा. समिती तालुक्याला, पण हे दावे जिथे चालतात ते मोटार अपघात न्यायाधिकरण बहुतेक ठिकाणी जिल्ह्याला. अचलपूर, खामगाव, पुसदकडच्यांचं तिथल्या वरच्या कोर्टामुळे बरं चालतं. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात पडते. दावा मात्र अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा गाडीमालक राहतो तिथे, कुठेही टाकता येतो. हैदराबाद रोडवर परराज्यातल्या ट्रकने उडवलं म्हणून कुणी परराज्यात जायला सांगत असेल तर ऐकू नका. दुसरा गुण वकिलाच्या नेमणुकीचा. विमा कंपनीचा वकील रोज हेच काम करतो, पॅनेलवरचा कदाचित फौजदारीतला असतो. अर्ज देतानाच "अपघाताचे दावे चालवणारा द्या" असं लिहून मागा, आणि काम पुढे सरकत नसेल तर बदलून मागा.

तिसरा गुण सगळ्यात महागात पडणारा आहे. समिती दावा चालवते, पुरावा गोळा करत नाही, आणि दावा बिघडतो तो पहिल्या आठवड्यातच.

सुरुवात दवाखान्यातल्या केस पेपरपासून होते. जखमीला आणणारा घाईत "पडला" म्हणतो, तेच कागदावर चढतं, आणि दोन वर्षांनी कंपनी म्हणते, हा अपघात नाहीच. म्हणून सोबत असणाऱ्याने "पायी चालताना अमुक गाडीने धडक दिली" हेच सांगावं आणि तसंच लिहिलं का ते वाचून घ्यावं. नागपूरला मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजात) किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात हलवलं, तर तिथल्या कागदावरही तेच यायला हवं. मग एफआयआर. गाडीचा नंबर त्यात नसेल आणि नंतर कळला तर पुरवणी जबाब लगेच द्या. उशिरा आलेल्या नंबरावर कंपनी "गाडी नंतर घुसवली" हा बचाव हमखास घेते. नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की विमा चालू आहे की संपलाय ते दिसतं. संपला असेल तरी दावा बुडत नाही, पण पैसे मालकाकडून काढावे लागतात, आणि मालकाच्या नावावर जुनी मोटारसायकलच असेल तर निकालाचा कागद घरीच राहतो. एसटी बस असेल तर विमा कंपनी शोधत बसू नका, महामंडळच प्रतिवादी असतं.

मोटार वाहन कायद्याखालच्या २०२२ च्या नियमांनी पोलिसांवर मुदती घातल्या आहेत: पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत, सविस्तर ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे. अपघातग्रस्ताला त्याचे हक्क सांगणारा नमुना २ दहा दिवसांत द्यायचा असतो. ठाण्यात जाऊन मागा, आपसूक येईल म्हणून थांबू नका. दाव्याची मुदत अपघातापासून ६ महिने आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर उशीर करू नये.

आता आकडे, कारण टक्केवारीवाला नेमके हेच सांगत नाही. समजा ३८ वर्षांची मजूर बाई गेली, कोर्टाने महिन्याला १०,००० उत्पन्न धरलं. वय चाळिशीच्या आतलं म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले की १४,०००. मागे अवलंबून चौघं, म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा, राहिले १०,५००. वर्षाचे १,२६,०००. वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणतात; ३६ ते ४० वयाला तो १५, म्हणजे १८,९०,०००. त्यावर अंत्यविधी आणि मृताच्या संपदेच्या हानीचे (लॉस ऑफ इस्टेट) १५-१५ हजार, सहवास गमावल्याचे नवरा-मुलांना प्रत्येकी ४० हजार, आणि या रकमांवर दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. उत्पन्न सिद्ध करायला रोजगार हमीचं जॉबकार्ड, बचत गटाचं पासबुक, जीनिंगचा हजेरीपट, कापूस विकल्याच्या पावत्या, काहीही चालतं. पगाराची चिठ्ठी नाही म्हणून हात झटकू नका.

हे गणित डोक्यात ठेवूनच मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ चे मृत्यूचे ५ लाख किंवा गंभीर दुखापतीचे अडीच लाख घ्यायचे की नाही ते ठरवा. त्यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, पण ते स्वीकारले की वर हिशेब केलेला कलम १६६ चा मोठा दावा संपतो. लोकअदालतीतल्या तडजोडीलाही हेच लागू. पैसे लवकर मिळतात, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. व्याज धरलंय का ते सही करायच्या आधी विचारा.

जखमी वाचला असेल तर अपंगत्वाच्या दाखल्यावर मदार असते. मांडीचं हाड मोडलेल्या मजुराला वैद्यकीय बोर्ड २० टक्के लिहील, पण त्याला बसून निंदण किंवा ओझं उचलणं जमत नसेल तर कमाईचं नुकसान त्याहून जास्त धरता येतं. त्यासाठी डॉक्टर साक्षीला यावे लागतात. वकिलाला साक्षीचं समन्स काढायला सांगा, विसरलं जाणारं काम हेच.

गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर कोर्टात न जाता उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज करायचा: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. सोबत एफआयआर, शवविच्छेदन अहवाल किंवा उपचाराची बिलं, ओळखपत्र, पासबुकाची नक्कल. समितीचे लोक हा अर्जही भरून देतात. गाडी नंतर सापडून भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते. घरात सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख वेगळे, पण तो अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा. विधी सेवेच्या टेबलावर हा विषय आपणहून निघेलच असं नाही, आणि तोवर महिना उलटून गेलेला असतो.