गांडुळं परत विकत घेण्याचा करार

काढणीनंतर उरणारा काडीकचरा जाळायचा नाही, त्याचं खत करायचं, हे माझ्या मनाने घेतलं होतं. नेमकं तेच हेरून एका माणसाने मला फसवलं.

योजना ऐकायला छान होती. गांडुळं त्याच्या कंपनीकडून विकत घ्यायची, बेड म्हणजे खत करायचे वाफे ते लावून देणार, आणि तयार खत व वाढलेली गांडुळं बाजारभावापेक्षा चढ्या दराने तेच परत घेणार. छापील करार, त्यावर शिक्का. आधी पैसे मिळालेल्या दोघांशी त्याने फोनवर बोलणंही करून दिलं. मी सगळी रक्कम आगाऊ भरली.

त्यांच्या माणसाने ताजा, ओला कचराच बेडमध्ये भरायला लावला आणि वर गांडुळं सोडली. तिसऱ्या दिवशी हात घातला तर आत चटका बसत होता. वाचलेली गांडुळं कडेला गोळा झालेली, बाकीची मरून मऊ पडलेली. ताजा ढीग कुजताना आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि ३५ च्या वर गांडुळांचा निभाव लागत नाही, हे मला नंतर समजलं. कचरा शेणात कालवून आधी दोन-तीन आठवडे कुजवायचा, पूर्ण निवू द्यायचा आणि मगच गांडुळं सोडायची. हे त्याला माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. कारण "चूक तुमची, नवीन घ्या" हे उत्तर त्याच्याकडे तयार होतं. आणि मी घेतलीही.

या वेळी मात्र पोतं उन्हात प्लास्टिकवर ओतलं. गांडुळं उजेडाला भिऊन खाली जातात, तसतसा वरचा थर हाताने काढत गेलो. शेवटी तळाशी उरली ती जेमतेम दोन ओंजळी. बाकी सगळं ओलं शेण, गांडुळांच्या भावात तोललेलं. त्यातही निम्मी साधी, मातीतली राखाडी गांडुळं होती. खतासाठी वापरतात ती आयसेनिया फेटिडा ही जात तांबूस असते, अंगावर फिकट पट्टे असतात आणि कुजत्या कचऱ्यातच राहते. मातीतली गांडुळं अशा बेडमध्ये टिकत नाहीत.

तरी नेटाने खत केलं. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास. त्याने येऊन मूठभर हातात घेतलं आणि "दर्जात बसत नाही" म्हणाला. करारात "कंपनीच्या गुणवत्तेनुसार" एवढंच लिहिलेलं. नत्र किती टक्के हवं, ओलावा किती चालेल, तपासणी कोण करणार, एक अक्षर नाही. त्यानंतर फोन बंद.

चांगल्या बेडमध्ये गांडुळं दोन-तीन महिन्यांत दुप्पट होतात. मग विकणाऱ्याला ती चढ्या दराने परत घ्यायची गरजच काय? पुढच्या शेतकऱ्याला विकण्यासाठी, एवढंच. माझ्या आधीच्यांना मिळालेले पैसे बहुधा माझ्यासारख्यांच्याच आगाऊ रकमेतले होते. असा करार कुणी पुढे केला तर हे खत शेवटी कोण वापरतं ते विचारा आणि त्या माणसाला स्वतः जाऊन भेटा. फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका. पोतं त्यांच्यासमोरच ओता, मोजा, फोटो काढा.

मी तक्रार दिली आहे. पावत्या आणि करार जोडले. पहिल्या पोत्याचा फोटो मात्र माझ्याकडे नाही, त्यामुळे तो मुद्दा मला सिद्ध करता येत नाही.