एअरब्रश-कॉम्प्रेसरचा सेट: ठाण्याच्या दमट हवेत आठ महिने आणि एक गंजलेली फियाट

मार्चमध्ये 0.3 मिमी नोझलचा डबल-अ‍ॅक्शन एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं हत्यार, एकाच खटक्याने हवा आणि रंग दोन्ही सोडणारं) आणि त्याला हवा पुरवणारा 3 लिटर टाकीचा पिस्टन कॉम्प्रेसर असा सेट साडेआठ हजारांना घेतला. आता नोव्हेंबर चालू आहे. या आठ महिन्यांत त्यावर एकच काम केलं: 1:24 मापातली, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची, प्रीमियर पद्मिनीची बॉडी, फिकट निळी, कित्येक पावसाळे उघड्यावर काढल्यासारखी दिसणारी. सेट चांगला आहे, घ्या. पण आमच्या कोपरीसारख्या खाडीकाठच्या हवेत पावसाळ्यात तो जसाच्या तसा चालत नाही, आणि हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही.

पद्मिनीचं मॉडेल म्हटलं की बहुतेक जण काळी-पिवळी टॅक्सी करतात. 30 ऑक्टोबर 2023 पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हापासून तर जास्तच. मला मामाची घरची गाडी हवी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तिचं नाव डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी असं बदलत गेलं, पण आमच्या घरात ती शेवटपर्यंत फियाटच होती. बॉडी रेझिनमध्ये 3डी प्रिंट करून घेतली. खरी गाडी सुमारे 3.93 मीटर, माझी 16.4 सेंटिमीटर. छपाईच्या रेषा घालवायला 400 पासून 1000 नंबरपर्यंत पाण्याचा पॉलिश पेपर मारण्यात पूर्ण एप्रिल गेला.

मे महिन्यापर्यंत सेटबद्दल तक्रार नव्हती. टाकी 4 बारला भरली की कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो, 3 ला उतरली की परत सुरू. मी 15 ते 20 पीएसआयवर, म्हणजे साधारण 1 ते 1.4 बारवर फवारते, त्याला हे भरपूर आहे. आवाज जुन्या फ्रिजइतका. रात्री अकरानंतरही खालच्या मजल्यावरून कोणी वर आलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एअरब्रश थुंकायला लागला. दारावर छान पातळ थर बसत असताना मध्येच पाण्याचा थेंब, आणि रंगात वाटाण्याएवढं वर्तुळ. सुई साफ केली, नोझल बदललं, फरक शून्य. गोची पाणी अडवणाऱ्या काचेच्या वाटीत, म्हणजे ट्रॅपमध्ये होती. ती कॉम्प्रेसरलाच लावलेली असते. दमट हवा दाबली की तापते, त्यामुळे तिथून बरंच पाणी वाफेच्याच रूपात पुढे सटकतं आणि पाइपात गार झाल्यावर त्याचे थेंब होतात. उपाय दोन. हवा वाटेतच गार व्हावी म्हणून पाइप तीन मीटरचा घेतला, आणि दुसरा छोटा ट्रॅप थेट एअरब्रशच्या दांड्याखाली बसवला. शिवाय टाकीच्या बुडाचा स्क्रू रोज काम संपल्यावर उघडायचा. जुलैमध्ये तिथून चमचाभर गढूळ पाणी निघायचं. त्यानंतर एकही थेंब आला नाही. हा दुसरा ट्रॅप कंपनीने सेटमध्येच द्यायला हवा, किमान किनारपट्टीवर विकताना.

लॅकर, म्हणजे थिनरमध्ये कालवायचा झटपट वाळणारा रंग, मात्र पावसाळ्यात हातात घेऊच नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी तिथे बसतं आणि रंगावर दुधाळ साय येते. माझं बॉनेट असंच गेलं, परत घासावं लागलं.

आता गंज. खाली गडद तपकिरी, त्यावर स्पंजने नारिंगी ठिपके, मग वॉर्निश. ते पूर्ण वाळल्यावर साध्या हेअरस्प्रेचे दोन हात, आणि वर निळा अ‍ॅक्रिलिक. वीसेक मिनिटांनी ओल्या, ताठ ब्रशने घासलं की पाणी निळ्यातून झिरपतं, खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि टवके उडतात. उन्हाळ्यात हे वीस मिनिटांचं गणित अचूक बसलं. जुलैमध्ये निळा नीट वाळलाच नव्हता, डाव्या दाराची सालच निघून आली. मग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात तासभर ठेवून घासायला लागले, तेव्हा जमलं. मिठाची पद्धतही करून पाहिली: ओल्या बॉडीवर खडेमीठ, वर रंग, मग मीठ झाडून टाकायचं. पावसात मिठालाच पाणी सुटलं. ती हिवाळ्यासाठी ठेवा.

टवक्यांचं माप सगळ्यात जास्त फसवतं. मॉडेलवरचा 1 मिमीचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ इंचभर रंग गेलेला. माझ्या पहिल्या दाराला देवी आल्यासारखं दिसत होतं. आता टूथपिकच्या टोकाने कोरते आणि चष्म्यावर भिंग लावते. खऱ्या गंजाची पूड वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याने दिलेल्या लोखंडाच्या किसापासून केली. मिठाच्या पाण्यात चार दिवस, मग वाळवून खलात कुटली. कुठल्याही बाटलीतल्या रंगाला हा पोत येत नाही.

दिवाळीत मामा घरी आला. बॉडी हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "अगं, दाराच्या मधोमध कसला गंज? पाणी आत जाऊन दाराच्या तळाशी साचतं, खालची भोकं मातीने बुजतात. पत्रा तिथून सडतो. आणि किल्लीचे ओरखडे कुठे आहेत?" चावीच्या भोकाभोवती जुडग्यातल्या बाकीच्या किल्ल्या घासून अर्धचंद्र पडायचा, तो मी साफ विसरले होते. दुसऱ्या दिवशी दारं पुन्हा रंगवली. गंज खालच्या कडेला, पुढच्या काचेच्या रबराखाली आणि मडगार्डच्या कमानीत आणला. ओरखडे शिवणाच्या सुईने काढले. गाडी एकदम त्याची दिसायला लागली.

पाइप, ट्रॅप आणि नोझल सोडता खर्च एवढाच: रबरी वॉशरचा एक जोड, आणि माझ्या हातून पडून वाकलेली एक सुई. कॉम्प्रेसरला तेल लागत नाही.

मामाच्या पायाखालचा फ्लोअर अजून बाकी आहे. मॅट उचलली की तिथून रस्ता दिसायचा, असं तो सांगतो. रेझिनची 1 मिमी जाडी खऱ्या गाडीत 24 मिमीचा पत्रा होईल, म्हणून तेवढा तुकडा कापून तिथे अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवली आहे. हवा कोरडी झाली की भोक पाडणार, आणि त्याच्या कडेचा गंज या वेळी मीठ वापरून करणार.