ड्रायर फिरतो पण तापत नाही: बिलात लागलेले, यंत्रात न बसलेले भाग

गॅसवर चालणारा कपड्यांचा ड्रायर व्यवस्थित फिरत असूनही कपडे ओलेच राहत असतील, तर ग्राहकाला गंडवणे फार सोपे जाते, कारण बर्नर खालच्या झाकणाआड असतो आणि ते उघडून पाहण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. माझा ड्रायर सुरुवातीला तापायचा आणि थोड्याच वेळात नुसती गार हवा फेकत राहायचा. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने वरची बटणे दाबून पाहिली आणि कंट्रोल बोर्ड (यंत्राचे नियंत्रण करणारे सर्किट) व गॅस व्हॉल्व्ह (गॅस सोडणारी झडप) दोन्ही निकामी झाल्याचे सांगून टाकले. खालच्या झाकणाला त्याने तोवर हातही लावला नव्हता.

हे निदान संशयास्पद का होते, ते बर्नर पेटण्याचा क्रम पाहिला की कळते. ड्रायर तापू लागताना आधी इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारा विजेवरचा भाग, नारिंगी तापतो. त्याची धग लागली की शेजारच्या सेन्सरचा संपर्क तुटतो, वीज व्हॉल्व्हवरच्या कॉइलकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांकडे) वळते, व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस पेट घेतो. माझ्या ड्रायरमध्ये पहिली ज्योत नीट लागे; पुढच्या खेपेला मात्र इग्नायटर लाल होई, ‘टक्’ असा आवाज होई, इग्नायटर विझे आणि ज्योत काही येत नसे, मग जरा वेळाने तोच प्रकार पुन्हा. इग्नायटर तापतो आहे याचाच अर्थ तिथवर वीज पोहोचते आहे, म्हणजे बोर्डावर खापर फोडण्यास आधार उरत नाही. गार असताना चालणाऱ्या आणि गरम झाल्यावर दगा देणाऱ्या कॉइल हा या यंत्रांतला अगदी नेहमीचा बिघाड आहे, आणि त्या बदलण्यासाठी गॅसची नळी सोडवावी लागत नाही. वरची पट्टी काढली की त्या उचलून नव्या बसवता येतात.

काम झाल्यावर ड्रायर तापू लागला, हे खरे. पण बिलात नवा बोर्ड आणि संपूर्ण व्हॉल्व्ह असे दोन्ही भाग लावलेले होते. जुने भाग मागितले, तेव्हा ते कंपनीकडे परत पाठवावे लागतात, असे उत्तर मिळाले. (हे वाक्य इतक्या सफाईने येते की ते पाठच असावे.) मी झाकण काढून पाहिले, तर व्हॉल्व्हच्या जोडावर जुन्या लेपाची कोरडी पापडी आणि तिच्यावर चिकटलेली कपड्यांची लव जशीच्या तशी होती, फक्त कॉइल तेवढ्या नव्या कोऱ्या चमकत होत्या. बोर्डाच्या स्क्रूंवरची धूळही हललेली नव्हती. शिवाय व्हॉल्व्ह खरोखर बदलायचा तर गॅसचा कॉक बंद करावा लागतो आणि जोडणीनंतर साबणाच्या पाण्याने गळती तपासावी लागते; यातले काहीही माझ्यासमोर झाले नव्हते. गॅसच्या जोडणीचे काम घरच्या घरी करू नये, पण कारागीर कॉक बंद करतो की नाही, हे उभे राहून पाहायला कोणाची हरकत नसावी.

इग्नायटर मुळीच तापत नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा इग्नायटर तुटलेला असू शकतो किंवा थर्मल फ्यूज (यंत्र अति तापल्यास वीज तोडणारा भाग) उडालेला असू शकतो, आणि फ्यूज बहुधा हवा बाहेर नेणारी नळी लवेने तुंबल्यामुळे उडतो. नळी साफ न करता केवळ फ्यूज बदलणारा माणूस पुढच्या बिलाची सोय करून जातो.

मी जोडाचे, कॉइलचे आणि बोर्डाचे फोटो जोडून दुरुस्ती करणाऱ्यांकडे लेखी तक्रार केली. बोर्डाची रक्कम कुरकुर करत का होईना, परत मिळाली. व्हॉल्व्हच्या रकमेबद्दल मात्र अजून टोलवाटोलवीच चालू आहे.