एक कीबोर्ड, दोन कॉम्प्युटर आणि हरवलेला ‘श्री’

माझ्या टेबलावर दोन मशीन आहेत. एक जुना विंडोज ७ चा डेस्कटॉप, ज्यावर लग्नपत्रिकांचं काम चालतं. दुसरा नवा लॅपटॉप, बाकी सगळ्यासाठी. मॉनिटर एकच, कीबोर्डही एकच. चांगल्या कीबोर्डची सवय लागली की लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर बोटं रमत नाहीत. ही जोडी जुळवण्यात माझे दोन उन्हाळे गेले. वाटा तीन आहेत आणि तिन्ही मी चालून पाहिल्या.

पहिली सॉफ्टवेअरची. माउस स्क्रीनच्या कडेला नेला की तो थेट शेजारच्या मशीनवर उतरतो, कीबोर्डही त्याच्या मागे जातो. इकडे कॉपी करा, तिकडे पेस्ट करा. सिनर्जी, त्यातून फुटलेलं बॅरियर, त्यातून पुढे फुटलेलं इनपुट लीप ही एका घराण्यातली. दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं माउस विदाउट बॉर्डर्स फुकट आहे आणि चार मशीनपर्यंत चालतं. माझा डेस्कटॉप त्याला जुना पडला, म्हणून मी बॅरियर टाकलं. पहिल्या दिवशी घरातल्यांना बोलावून दाखवलं, इतकं आवडलं होतं. (यात मॉनिटर वाटला जात नाही, प्रत्येक मशीनला आपापला स्क्रीन लागतो. लॅपटॉपला तो असतोच, म्हणून माझं भागलं.)

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या धुळ्याकडे आखाजीच्या आधीचे पंधरा दिवस पत्रिकावाल्याला जेवायला वेळ नसतो. कीबोर्ड लॅपटॉपला जोडलेला, टायपिंग डेस्कटॉपवर, लेआउट इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ठरलेली बटणांची मांडणी. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि ८ दाबलं की ‘श्र’ येतो, एका बटणात अख्खं जोडाक्षर. ५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष, तसंच. माझ्याकडे ही चारही अक्षरं वाटेतच गळायला लागली. ‘श्री’ टाइप केलं की ‘श्र’ गायब आणि वेलांटी एकटीच ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली. पत्रिकेत चाळीस नातेवाईक म्हणजे चाळीस ‘श्री.’ आणि वर गणपतीचा वेगळा. एकदा घाईत तसाच मजकूर प्रेसला गेला. तिकडून फोन आला, “भाऊ, गणपतीना श्री कोठे गया?”

माझ्या समजुतीप्रमाणे कारण असं: हे सॉफ्टवेअर मुख्यतः तुम्ही कोणतं अक्षर काढलं ते पलीकडे कळवतं आणि पलीकडचं मशीन ते अक्षर आपल्याकडच्या बटणांत शोधतं. एका बटणातून तीन-तीन युनिकोड चिन्हं निघाली की हा हिशोब चुकतो. मी लॅपटॉपवर इंग्रजी ठेवून फक्त डेस्कटॉपवर मराठी करून पाहिलं, तर तिथे इंग्रजीच उमटायला लागलं. श, हलन्त, र असं तोडून टाइप केलं की येत होतं, पण वीस वर्षांची बोटांची सवय कोण मोडणार? फक्त इंग्रजीत काम करणाऱ्याला हा त्रास जाणवणारही नाही. माझ्यासाठी मात्र विषय तिथेच संपला.

त्यात लाइटचा खेळ. हे सॉफ्टवेअर दोन्ही मशीनमध्ये नेटवर्कवरून बोलतं, म्हणजे राउटर चालू हवा. लाइट गेली की इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या झटक्यात आमचा राउटर बंद पडून पुन्हा चालू होतो, आणि तेवढा वेळ डेस्कटॉपकडे ना माउस ना कीबोर्ड. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर असलं काही टाकायला परवानगीच मिळत नाही बहुतेक ठिकाणी.

दुसरी वाट केव्हीएम (कीबोर्ड, व्हिडिओ, माउस) स्विचची. कीबोर्ड, मॉनिटर, माउस तिन्ही पेटीला, पेटीतून केबली दोन्ही मशीनना. इथे बटणाचा दाब जसाच्या तसा जातो. पेटीला मराठी येतच नाही, त्यामुळे तिच्या हातून ती बिघडतही नाही. बायोसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्येही, कीबोर्ड चालतो, जे सॉफ्टवेअरला जमत नाही. पण मी आणलेली पेटी स्वस्तातली होती. बटण दाबलं की स्क्रीन तीन-चार सेकंद काळा, आणि लॅपटॉपला वाटायचं मॉनिटर कोणी काढूनच नेला. सगळ्या खिडक्या त्याच्या छोट्या स्क्रीनवर गोळा. मॉनिटरची ओळख, म्हणजे ईडीआयडी, धरून ठेवणाऱ्या पेट्या मिळतात, त्यांत हा प्रकार बराच कमी होतो म्हणतात. पण त्यांची किंमत ऐकून मी गप्प बसलो. फोर-के मॉनिटर असेल तर आणखी एक बघा. एचडीएमआय १.४ ची पेटी फोर-के चित्र ३० हर्ट्झवरच देते, माउस ओढल्यासारखा वाटतो.

शेवटी मी स्थिरावलो ते तिसऱ्यावर. नुसता यूएसबी स्विच, कीबोर्ड-माउसपुरता, मला हजाराच्या आत मिळाला. मॉनिटरच्या दोन इनपुटांना दोन मशीन सरळ जोडली. दोन बटणं दाबावी लागतात, एक स्विचचं आणि एक मॉनिटरचं, हे खरं. दिसायला गावठी आहे आणि इकडचं कॉपी तिकडे पेस्ट होत नाही, फाइल पेनड्राइव्हनेच न्यावी लागते. पण खिडक्या जागच्या जागी राहतात (प्रत्येक मॉनिटरवर राहतीलच असं नाही, दुकानात विचारून घ्या) आणि ‘श्री’ पहिल्या फटक्यात येतो.

मॉनिटरचं बटण मागच्या बाजूला असेल आणि चाचपडून कंटाळा आला, तर मॉनिटरच्या मेन्यूत डीडीसी/सीआय (कॉम्प्युटरवरून मॉनिटरला हुकूम देण्याची सोय) चालू करा. मग विंडोजवर कंट्रोलमायमॉनिटर किंवा लिनक्सवर डीडीसीयूटिल वापरून इनपुट शॉर्टकटने बदलता येतं. इनपुट बदलण्याचा कोड हेक्साडेसिमल ६० आहे. आणि त्याच मेन्यूतली इनपुट आपोआप शोधण्याची सोय बंद करा, नाहीतर झोपलेलं दुसरं मशीन मधेच जागं झालं की अर्ध्या पत्रिकेवरून स्क्रीन तिकडे पळतो.