८ x ४२ दुर्बीण: चष्मेवाल्यांसाठी कशी आहे?

२०२१चा उत्तरार्ध. लस घेऊन झाली होती, तरी ऑफिस घरूनच चालू होतं, तेव्हा ही दुर्बीण मागवली. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून खिडकीबाहेर बघत बसायची सवय लागलीच होती. म्हटलं, निदान नीट तरी बघू.

८ x ४२ म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचं. डोळ्यापाशी प्रकाशाचं वर्तुळ सव्वापाच मिलिमीटरचं पडतं, त्यामुळे संध्याकाळी उजेड उतरला तरी पिसांचे रंग कळतात. बरेच जण दहापटीच्या मागे लागतात. पण हातात धरून बघायचं, तर हाताचा कंपही तितकाच वाढलेला दिसतो. मला विचाराल तर आठ पुरे.

खरी परीक्षा चष्म्याची. डोळ्यांकडच्या रबरी कडा फिरवून आत घेतल्या की चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतं. तेव्हा मास्क लावून गच्चीवर गेलं की मात्र चष्मा आणि दुर्बीण, दोन्ही वाफेने आंधळी व्हायची! मास्कची नाकावरची पट्टी घट्ट दाबली की निभायचं. उजव्या डोळ्याचा नंबर जुळवायची कडी सैल आहे, गळ्यातून काढताना हमखास सरकते. सोबतचा पट्टा मानेला काचतो, तो आधी बदला.

समोरच्या टाकीवरच्या कबुतराची मान हिरवी की जांभळी, हे ते कुठे वळून बसलंय त्यावर ठरतं. असल्या संशोधनात अख्खी दुपार जाते. बॉसला सांगू नका.