‘अल्ट्रालाइट’ चाकं: सांगितली १२ ग्रॅमची, भरली २१ ची

साडेतीनशे ग्रॅमच्या आरसी (रिमोटने उडवायच्या) फोम विमानासाठी ६५ मिमी व्यासाची चाकं ऑनलाइन मागवली होती. विक्रेत्याने ‘अल्ट्रालाइट, प्रत्येकी १२ ग्रॅम’ असं ठळक लिहिलं होतं. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर एकेक चाक २१ ग्रॅम भरलं. तक्रार केल्यावर उत्तर आलं, की १२ ग्रॅम हे नुसत्या टायरचं वजन आहे, हब (टायरच्या आतला मधला भाग) आणि बुश (हबच्या भोकातली नळी) त्यात धरलेले नाहीत. टायर हबवरून सोलून तोलला, तर तो खरंच १२ ग्रॅमचा निघाला. आकडा खरा आणि तरीही फसवणूक, कारण हबशिवाय चाक विमानाला लावताच येत नाही. बदली म्हणून आलेली जोडीही तेवढ्याच वजनाची होती.

दोन्ही चाकं मिळून १८ ग्रॅम जादा, म्हणजे विमानाचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं. स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत) वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे अडीच टक्के. पुढच्या चाकांचं हे ओझं एक वेळ खपून जातं, पण शेपटीच्या चाकात अशी लबाडी झाली तर हिशेब पार बिघडतो. टेलव्हील, म्हणजे शेपटीचं चाक, सीजीच्या (विमानाच्या तोलबिंदूच्या) ४५ सेंमी मागे असेल आणि ते ५ ग्रॅम जड निघालं, तर सीजीच्या १५ सेंमी पुढे, नाकात, १५ ग्रॅम शिसं घालावं लागतं. पाच ग्रॅमच्या थापेपायी विमान २० ग्रॅमनी जड होतं. म्हणून टेलव्हीलचं वजन सगळ्यात आधी तपासा.

दुसरी फसवणूक भोकाची, आणि ती वजनासारखी लगेच ध्यानात येत नाही. ‘३ मिमी एक्सलसाठी’ (चाक ज्या तारेवर फिरतं तिच्यासाठी) म्हणून आलेल्या हबचं भोक ३.३ मिमी होतं. १/८ इंची तार ३.१७५ मिमीची असते. तिच्यासाठी बनवलेले हब ३ मिमीचे म्हणून सर्रास खपवले जातात. पाव-अर्धा मिलिमीटर कोण मोजतो, असं वाटेल. पण हब १० मिमी रुंद आणि ढिलाई ०.३ मिमी असेल, तर ६५ मिमी चाकाची कड दोन्ही बाजूंना जवळजवळ एकेक मिलिमीटर डोलते. धावपट्टीवर विमान फरफटत एका अंगाला ओढ घेतं, आणि माणूस रडर (शेपटीचं सुकाणू) ट्रिम करत, म्हणजे सरळ जुळवत बसतो. तपासायला ३ मिमी ड्रिल बिटची गुळगुळीत मागची बाजू भोकात घालून पाहा. ती अडखळू नये आणि खुळखुळूही नये.

चाक परत करणं शक्यच नसेल, तर हब ४ मिमीने ड्रिल करून बाहेरून ४ आणि आतून ३.१ मिमी असलेली पितळी नळी बसवा. दहा मिमी लांबीच्या नळीने अर्धा ग्रॅमही वाढत नाही. मात्र ड्रिल लावलं की परतीचा हक्क गेला, हे धरून चाला.

टायरच्या फोमचं नाव काहीही लिहिलेलं असलं तरी दोन चाचण्या कराच. टायरवर पाण्याचा थेंब ठेवून बोटाने हलकेच दाबा. थेंब आत मुरला तर तो उघड्या छिद्रांचा स्पंज आहे. दवाने ओल्या गवतावर तो पाणी पितो आणि प्रत्येक उड्डाणाला जड होत जातो. मग अंगठ्याने दहा सेकंद दाबून सोडा. खळगा पटकन भरून आला नाही, तर त्या टायरला सपाट डाग पडण्याची शक्यता जास्त. हब आणि टायरचा जोडही बघा: टायर आडवा ढकलल्यावर पांढरी कड सुटताना दिसली, तर ग्लूची पकड कच्ची आहे आणि वाऱ्यात तिरकं उतरताना टायर निघून येऊ शकतो.

चांगली चाकंही चुकीच्या बसवणीने वाया जातात. कॉलर (चाक जागेवर धरणारं एक्सलवरचं कडं) आणि हब यांच्यात अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवा. कॉलर आवळणारा बिनडोक्याचा छोटा ग्रब स्क्रू जिथे टेकतो तिथे तार कानशीने किंचित सपाट करा, नाहीतर कॉलर घसरून चाक हवेतच गळून पडतं. थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) ग्रब स्क्रूच्या आट्यांवर अगदी थोडं लावा, जादा पुसून टाका आणि ओलं असतानाच स्क्रू आवळा. ते प्लॅस्टिकच्या हबला लागलं तर हबला तडे जाऊ शकतात. तेल हवं असेल तर सिलिकॉन तेलाचा एकच थेंब. आतल्या कॉलरपाशी गवताचे धागे गुंडाळले जातात, ते दर वेळी चिमट्याने काढा. विमान ठेवताना भार चाकांवर नको, पोटाखाली फोमचा स्टँड द्या.

मागवण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा: हब आणि बुशसकट एका चाकाचं वजन किती, भोक व्हर्नियरवर (बारीक मोजमापाच्या साधनावर) किती, आणि अख्खं चाक काट्यावर ठेवलेला फोटो मिळेल का. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून घेऊ नका. पाकीट फोडताना काटा शून्यावर असल्यापासून व्हिडिओ सुरू ठेवा आणि वजन, भोक, थेंब हे तिन्ही ग्रब स्क्रू आवळण्याआधी उरकून घ्या. एक्सलवर चढवल्याचा ओरखडा दिसला की ‘वापरलेला माल’ म्हणून परतावा नाकारला जातो.