तळावरून सुटका की भर उड्डाणात?

नवरात्र चालू होतं, रात्रीच्या गरब्याने डोळे चुरचुरत होते. तरी २१ ऑक्टोबर २०२३ला सकाळीच बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी भाचा मोबाइल धरून बसलेला. गगनयानची, म्हणजे माणसांना अंतराळात नेण्याच्या इस्रोच्या मोहिमेची टीव्ही-डी१ चाचणी! रॉकेट बिघडलं तर माणसांची कुपी सुटून वाचते का, हे बघायचं. उलटी गणती ५ सेकंदांवर अडली. "गेलं वाटतं, मामा!" पण १० वाजता उडालंच.

माणसांविना अशी सुटकेची चाचणी इस्रोने ५ जुलै २०१८लाही केली होती. तेव्हा खाली रॉकेट नव्हतंच. १२.६ टनांचा सगळा जामानिमा श्रीहरिकोटाच्या तळावरून थेट उडाला, सुमारे २.७ किलोमीटर वर गेला आणि कुपी पॅराशूटने समुद्रात उतरली. २५९ सेकंदांत खेळ खलास. इथे कसोटी उंचीची: पॅराशूट उघडायला पुरेशी जागा मिळायला हवी.

२०२३मध्ये मात्र विकास इंजिनाच्या रॉकेटवरून, सुमारे १२ किलोमीटरवर, आवाजाहून जास्त वेगात कुपी खेचून काढली. समोरून हवेचा मारा, मागे धावतं रॉकेट. माझ्या मते खरी परीक्षा हीच; पहिलीत निदान सुरुवात तरी स्थिर जमिनीवरून.

भाच्याला वेगळंच खटकलं. समुद्रात कुपी उलटी तरंगत होती. "मामा, आत माणसं असती तर?"